नोम, ञोमो, ग्नोमो: एका बुटक्याचं नाव आणि अनेक जिभा

चौकस
सध्या स्पॅनिश शिकतोय आणि हौस म्हणून जोडीला एस्पेरान्तो. दोन्हीकडे सोपं वाचन म्हणून परीकथा हातात पडतात आणि त्यात एक इसम हमखास भेटतो. टोकदार टोपी, पोटापर्यंत दाढी, मुक्काम जमिनीखाली, धंदा खजिना राखण्याचा. इंग्रजीत त्याला 'नोम' म्हणतात, लिहिताना पुढे एक मुका 'जी' लावून.

सहज बाकीच्या रोमान्स भाषांत, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांत, डोकावलो. फ्रेंचमध्ये ग्नोम. इटालियनमध्ये ञोमो. स्पॅनिशमध्ये लिहायचं ग्नोमो, म्हणायचं नोमो. पोर्तुगीजमध्ये ग्नोमु. कातालान आणि रोमेनियनमध्ये शेवटचा स्वर गळून ग्नोम. मग कृत्रिम, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बनवलेल्या, भाषा बघितल्या. एस्पेरान्तो, इडो, इंटरलिंग्वा, तिन्हीकडे ग्नोमो.

म्हणजे कागदावर सगळं गाव एक, आणि हेच मला खटकतंय. ही लॅटिनची लेकरं एरवी कुठल्या शब्दावर एकमत होऊ देत नाहीत. लॅटिन 'आक्वा' म्हणजे पाणी घ्या. स्पॅनिश आग्वा, रोमेनियन आपा, आणि फ्रेंचांनी तर झिजवून झिजवून नुसता 'ओ' ठेवलाय. मग या बुटक्यालाच एवढं जपून का ठेवलं? आणि कृत्रिम भाषा बनवणाऱ्यांनी यातला कुणाचा शब्द उचलला? जाता जाता, मराठीत याला काय म्हणता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निळू
रुमाल टाकून ठेवतो. आजी आल्या की धागा धावणार.

हिरवी पणती
शेवटी 'ञ'ला काम मिळालं! आमच्या मुळाक्षरांच्या तक्त्यात 'ञ'च्या चौकोनात चित्रच नसायचं. आता 'ञ' ञोमोचा.

लॅटिनची आजी
चौकस, जपून कुणी ठेवलेला नाही. तो मुळात त्या घरात जन्मलेलाच नाही. 'आक्वा' दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडातून फिरला म्हणून झिजला. 'ग्नोमुस' हा शब्द सोळाव्या शतकात एका माणसाने लिहिला आणि पुढे तो एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेला. जिभेवर आला तो फार उशिरा.

तो माणूस म्हणजे पारासेल्सुस (१४९३-१५४१), आइन्सीडेल्नला जन्मलेला स्विस वैद्य. जलपऱ्या वगैरे मंडळींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५६६ साली छापला गेला. त्यात चार महाभूतांचे चार रहिवासी आहेत: पाण्यात उंदिना, हवेत सिल्फ, आगीत सालामांडर आणि पृथ्वीच्या पोटात ग्नोम. (त्यांची भूतं चारच. आपलं आकाश त्यांच्या हिशेबात नाही.) आपण हवेतून जितक्या सहज चालतो तितक्याच सहज हे लोक खडकातून चालतात, असं तो म्हणतो. याच जीवांना तो 'पिग्मी'ही म्हणतो, आणि तो शब्द जुना ग्रीक आहे. 'ग्नोमुस' मात्र त्याच्या आधी सापडत नाही. कोशकारांचा अंदाज असा की 'गेनोमोस' म्हणजे भूमिवासी असा शब्द त्याने ग्रीक घटकांतून घडवला असावा, 'थालासोनोमोस' म्हणजे सागरवासी याच्या धर्तीवर, आणि मधला स्वर गळला. पण 'गेनोमोस' ग्रीक वाङ्मयात कुठे मिळत नाही, तेव्हा अंदाज तो अंदाजच.

आता यातली खरी गंमत. शब्दाच्या सुरुवातीचा 'ग्न' खुद्द लॅटिननेच मोडीत काढला होता. जुनं 'ग्नातुस' म्हणजे जन्मलेला, त्याचं 'नातुस' झालं. 'ग्नोस्को' म्हणजे जाणतो, त्याचं 'नोस्को' झालं. पुढे उपसर्ग लागला की दडलेला 'ग' बाहेर येतो: कोग्नातुस, कोग्नोस्को. म्हणजे हा जोड रोमनांच्याही जिभेला जड जात होता. आज माद्रिदचा माणूस 'नोमो' म्हणतो तेव्हा तो आळशीपणा करत नाही, घराण्याची रीत पाळतो. स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'ग' नसलेलं 'नोमो' हे स्पेलिंगही मान्य आहे, लिहिताना मात्र बहुतेक जण 'ग' ठेवतात.

हा बुटका लोकांच्या तोंडातून आला असता तर त्याचं काय झालं असतं ते 'कोग्नातुस'वरून कळतं. मूळ अर्थ रक्ताचा नातेवाईक, पुढे अर्थ सरकून मेहुणा किंवा दीर. इटालियन कोञातो, स्पॅनिश कुञादो, पोर्तुगीज कुञादु, कातालान कुञात. आवाज तोच 'ञ', पण लिहायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी: इटालियन जी-एन, पोर्तुगीज एन-एच, कातालान एन-वाय आणि स्पॅनिशमध्ये 'एन'च्या डोक्यावर लाट. ती लाट म्हणजे जुन्या लेखनिकांनी दोन 'एन' लिहायचा कंटाळा करून वर काढलेली रेघ. रोमेनियनची तर वाटच वेगळी, तिथे 'ग्न'चा 'म्न' होतो. मेहुणा कुम्नात, लाकूड लेम्न, मूठ पुम्न. ग्नोम जर तिथे जुना असता तर त्याच्याही अंगावर असल्या काही खुणा दिसल्या असत्या. एकही नाही, म्हणून तो पुस्तकी पाहुणा.

निळू
बघा, म्हटलं होतं ना. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी ठसका
अबे, वीतभर बुटका अन् हातभर प्रतिसाद! पण मेहुण्याचं लय आवडलं आजी. आमच्याकडे मेहुणा घरी आला की तोही खजिना कुठं हाय तेच शोधतो.

टिंबटिंब
@वऱ्हाडी, स्पेनमध्ये 'कुञादो' म्हणजे नुसता मेहुणा राहिलेला नाही. कुठलाही विषय निघो, 'तुला कळत नाही, मी सांगतो' म्हणणारा जो नमुना घरच्या जेवणाला येतो तो कुञादो. त्याच्यावरून 'कुञादिस्मो' हा शब्दही रूढ झालाय. या संकेतस्थळावर त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज पडू नये. (दिवे घ्या.)

शुद्धलेखन
आजींचा प्रतिसाद माहितीपूर्ण, पण मूळ मुद्दा सुटला. ग्नोम आणि ज्ञान एकाच धातूचे आहेत हे उघड आहे. ग्रीक 'ग्नोसिस', लॅटिन 'ग्नोस्को', संस्कृत 'ज्ञा'. गुप्त धन कुठे आहे हे जो जाणतो तो ग्नोम. इतकं सरळ असताना भूमिवासी वगैरे द्राविडी प्राणायाम कशाला?

लॅटिनची आजी
@शुद्धलेखन, ग्नोसिस, ग्नोस्को आणि ज्ञा यांचं नातं पक्कं आहे, त्यावर वाद नाही. पण ग्रीकमध्ये 'ग्नोमे' असा एक वेगळा शब्द आहे, अर्थ मत किंवा सुभाषित, आणि तो ज्ञा-घराण्यातला. इंग्रजीत या सुभाषिताचं आणि आपल्या बुटक्याचं स्पेलिंग एकच झालं, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. पारासेल्सुसचे ग्नोम धन राखतात, ते ज्ञानी म्हणून नव्हे, जमिनीत राहतात म्हणून. ज्ञा वरून यायचं तर त्याने तसा धागा कुठेतरी सोडायला हवा होता.

शुद्धलेखन
पटत नाही. मत राखून ठेवतो.

हिरवी पणती
ज्ञ निघालाच आहे तर एक. हे एक जोडाक्षर आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात, गुजराती आणि तेलुगू मंडळी 'ग्न'च्या जवळ जातात, आणि मुळात ते 'ज्' अधिक 'ञ'. लिहिताना मात्र सगळे एकाच पानावर. चौकसना ग्नोमच्या बाबतीत जे नवल वाटतंय ते आपण रोज करतो. पुण्यातले 'यद्न्य' आणि अहमदाबादचे 'यग्न', पत्रिका छापताना एकच.

मिलानची मिरची
इटलीतून थेट प्रक्षेपण. इथे ग्नोमच्या उच्चारापेक्षा त्याच्या आधीच्या शब्दाची जास्त पंचाईत होते. इटालियनमध्ये पुल्लिंगी नामाच्या आधी सहसा 'इल' लागतो, पण जी-एनने सुरू होणाऱ्या शब्दाला 'लो' लावायचं. लो ञोमो, अनेकवचनी ल्यी ञोमी. याच नियमाने बटाट्याच्या गोळ्यांना, म्हणजे आपल्या ञोक्कींना, 'ल्यी ञोक्की' म्हणायला हवं. शाळेत तसंच शिकवतात. पण इथे उत्तरेत सर्रास 'इ ञोक्की' ऐकू येतं. वेरोनाच्या कार्निव्हलमध्ये तर शुक्रवारच्या मिरवणुकीचा मानकरी हातात भला मोठा काटा आणि त्याला टोचलेला ञोक्को घेऊन निघतो. त्याचं नाव 'पापा देल ञोको', 'देल्लो' नाही. एवढ्या मानाच्या माणसालाच व्याकरणाने हात लावला नाही, तर माझं कोण ऐकणार?

माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. मी घाईत 'इल ञोमो' म्हणाले की ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती नजर मला माझ्या मराठीच्या बाईंची आठवण करून देते.

शुद्धलेखन
मुलगी बरोबर आहे.

पेंग्विनवाला
कुणी अजून लिनक्स काढलं नाही म्हणजे कमाल आहे. आमच्यासाठी ग्नोम म्हणजे लिनक्स संगणकांवरचा डेस्कटॉप, पायाच्या ठशाच्या चिन्हाचा. तो १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी सुरू केला. पहिला 'जी' हा मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा, म्हणून अधिकृत उच्चार 'ग्नोम', 'ग' स्पष्ट म्हणायचा. स्पॅनिश बोलणारी माणसं एरवी 'ग' गिळतात, आणि त्यांच्यातल्याच दोघांनी सुरू केलेल्या प्रकल्पापायी जगभरचे प्रोग्रामर तो 'ग' बळेच म्हणतात.

आमच्या ऑफिसात याला 'जीनोम' म्हणणारेही आहेत. एकदा अशाच मीटिंगमध्ये एका नवीन मुलाला वाटलं की आपल्याला जनुकांवर काम करायचंय.

म्हापशेकार
पोर्तुगीजचं मी सांगतो. आमची आजी पणजीच्या लिसेवात शिकलेली. तिच्या तोंडी शेवटचा 'ओ' कधी पुरा यायचा नाही, 'उ'च यायचा. सुरुवातीचा 'ग' मात्र ती स्वच्छ म्हणायची. पोर्तुगालमध्येही तसाच म्हणतात. १९९० च्या शुद्धलेखन कराराने न उच्चारली जाणारी अक्षरं काढून टाकली, 'आक्तो'चं 'आतो' झालं, पण ग्नोमुचा 'ग' वाचला, कारण तो तोंडात होता. ब्राझीलवाल्यांना 'ग' आणि 'न' शेजारी सोसत नाहीत, ते मध्ये 'इ' घालतात: गिनोमु. गाडीच्या टायरला पोर्तुगीजमध्ये 'प्नेउ', त्याचंही ते 'पिनेउ' करतात. आपल्याकडे 'इष्टेशन' होतं तसंच, फक्त 'इ'ची जागा वेगळी.

आणि आजींनी एन-एचचं लिहिलंय त्यावर आमच्या गोव्याचा दाखला. नोरोन्हा आणि साल्दान्हा ही आडनावं तुम्ही सगळे 'न्ह' करून म्हणता. तो 'ह' नव्हे हो, तो 'ञ'. नोरोञा. मांडवी ओलांडून मुंबईला पोचेपर्यंत बिचाऱ्यांना 'ह' चिकटतो.

हिरवी पणती
@म्हापशेकार, आयुष्यभर शेजारच्या काकूंना चुकीची हाक मारली म्हणजे मी!

म्हापशेकार
काकूंनी दुरुस्त केलं नसेल तर त्यांनाही सवय झाली असणार. गोव्यातही आता कितीक जण 'न्ह'च म्हणतात.

टिंबटिंब
सगळे शब्दकोशातला ग्नोम शोधताय. लोक काय म्हणतात ते बघा. बागेत ठेवतात तो मातीचा बुटका, ज्याला इंग्रज 'गार्डन नोम' म्हणतो, त्याला फ्रेंच माणूस ग्नोम म्हणतच नाही. तो म्हणतो 'नॅं द जार्दॅं', बागेतला बुटका. इटालियन 'नानो दा जार्दीनो'. ब्राझीलमध्ये 'आनांउं', स्पॅनिशमध्ये 'एनानो', ग्नोमोही चालतं. रोमेनियनमध्ये 'पितिक'. शेवटचा सोडला तर बाकी सगळे लॅटिन 'नानुस'ची पोरं, आणि बघा कशी छान झिजलीत. चौकसना हवी होती ती झीज इथे आहे. हिमगौरीचे सात जणही या भाषांत नॅं, नानी, एनानितोस, पितिची असेच आहेत, ग्नोम नाहीत.

फ्रान्समध्ये नव्वदच्या दशकात आलांसाँ गावातून एक चळवळ निघाली होती, लोकांच्या बागांतले हे बुटके रात्री चोरून जंगलात नेऊन 'मुक्त' करायचे. नाव होतं बागेतल्या बुटक्यांची मुक्ती आघाडी. त्या नावातही 'नॅं'. क्रांती करायची तर लोकभाषेतच करावी लागते.

ग्नोम हा शब्द फ्रेंच-इटालियन माणूस खऱ्या अर्थाने कुठे वापरतो? 'झुरिकचे ग्नोम' म्हणताना. स्विस बँकवाल्यांना ही शिवी १९६४ च्या पौंडाच्या संकटात ब्रिटिश मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी गाजवली. जमिनीखाली तिजोऱ्या, त्यावर बसलेले बुटके. फ्रेंच आणि इटालियन वर्तमानपत्रांनी ती 'ग्नोम' ठेवूनच उचलली. आणि पारासेल्सुसचं आइन्सीडेल्न झुरिकपासून काही फार लांब नाही.

वऱ्हाडी ठसका
थांबा राजेहो. इटालियनमध्ये 'नानो' म्हणजे बुटका? मंग आपली टाटा नॅनो?

टिंबटिंब
टाटा बुटका. अगदी बरोबर. एककांमधला 'नॅनो' ग्रीक-लॅटिनच्या त्याच बुटक्यावरून घेतलाय, एकाचा अब्जावा भाग. १९६० मध्ये तो एस-आय पद्धतीत आला.

मिलानची मिरची
माझ्या इटालियन नवऱ्याला भारतात ती गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तो रस्त्यात उभा राहून हसत होता. त्याला वाटलं, कंपनी किती प्रामाणिक आहे.

लॅटिनची आजी
@टिंबटिंब, उत्तम मुद्दा. स्पेनमध्ये मात्र एक पिढी ग्नोमो ऐकत मोठी झालीय. १९८५ मध्ये तिथे दाविद नावाच्या ग्नोमवर कार्टून मालिका निघाली. ती एका डच पुस्तकावर बेतलेली, आणि डचमध्ये तो 'काबाउटर' होता. स्पॅनिश निर्मात्यांनी त्याला 'एनानो' न म्हणता 'ग्नोमो' म्हटलं आणि पुस्तकी शब्द घराघरांत गेला. एनानो हा शब्द हाडामांसाच्या बुटक्या माणसालाही लागतो, आणि टोचतो. ग्नोमो कुणाला टोचत नाही.

फ्रेंचांनी आणखी एक केलं. १६७० मध्ये एका आब्बेने, म्हणजे पाद्रीने, गूढविद्येची टर उडवणारं पुस्तक लिहिलं, त्यात ग्नोमांच्या बायकांना 'ग्नोमिद' असं नाव आहे. मूर्ती लहान पण फार गोड, असं त्यांचं वर्णन. पारासेल्सुसच्या या मंडळींना युरोपच्या दिवाणखान्यांत नेलं ते या पुस्तकाने.

हिरवा तारा
उशीर झाला यायला. चौकसनी विचारलेला दुसरा प्रश्न सगळे विसरले, तर आमच्या कृत्रिम भाषांबद्दल थोडं.

झामेनहोफने १८८७ मध्ये एस्पेरान्तो मांडली तेव्हा नियम ठेवला की एक अक्षर, एक आवाज, मुकं काही नाही. त्यामुळे शब्द कागदावरून उचलला की त्यातला 'ग' आपोआप बोलायला लागतो. नामाला 'ओ' लागतो, म्हणून ग्नोमो. दिसायला इटालियन, पण ञोमो नव्हे, ग्-नोमो. अनेकवचन ग्नोमोय, बाई असेल तर ग्नोमिनो. १९०७ ची इडो ही एस्पेरान्तोची बंडखोर लेक, तिनेही तोच ठेवला.

इंटरलिंग्वाचा रस्ता वेगळा. १९५१ च्या तिच्या कोशामागची पद्धत अशी की इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश-पोर्तुगीज (ही दोन मिळून एक) यांपैकी तिघींत जो शब्द असेल तो घ्यायचा आणि त्या सगळ्यांचा सामाईक पूर्वज वाटेल असं रूप द्यायचं. ग्नोम तर चौघींतही. उत्तर ग्नोमो.

त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, गणिती पेआनोने लॅटिनचे सगळे प्रत्यय छाटून एक भाषा केली. त्याचा नियम होता की लॅटिन नामाचं पंचमीचं रूप घ्यायचं. ग्नोमुसचं ते रूप काय? ग्नोमो! तिघे तीन वाटांनी निघाले आणि एकाच दारात येऊन उभे राहिले. तेव्हा चौकस, उच्चार कुणाचाच उचलला नाही. स्पेलिंग उचललं, उच्चार आपापल्या नियमाने केला.

एस्पेरान्तोतला आमचा आवडता घोळ सांगतो. कर्माला 'न' लागतो, म्हणून 'मी ग्नोम बघतो' हे 'मी विदास ग्नोमोन' होतं. आता 'ग्नोमोन' म्हणजे बाकीच्या युरोपात सूर्यघड्याळाचा काटा. तो मात्र खरोखर ज्ञा-घराण्यातला, ग्रीकमध्ये अर्थ 'जाणणारा'. एस्पेरान्तोत त्या काट्याला 'ग्नोमोनो' म्हणावं लागतं, म्हणजे बुटका आणि काटा एकमेकांच्या पायात येत नाहीत.

शुद्धलेखन
बघा! ज्ञा आलाच शेवटी. आणि त्या काट्याला आपल्या ज्योतिषात 'शंकु' म्हणतात. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राचा शंकु सुमारे २७ मीटर उंच आहे. बुटका म्हणायची सोय नाही.

निळू
@हिरवा तारा, 'आमच्या कृत्रिम भाषा' म्हणालात ते आवडलं. पण खरं सांगा, एका माणसाने खोलीत बसून बनवलेले शब्द बोलताना खोटं खोटं नाही वाटत?

हिरवा तारा
@निळू, हा धागाच तुमचं उत्तर आहे. ग्नोम हा शब्दही एका माणसानेच बनवला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश सगळ्यांनी तो चारशे-साडेचारशे वर्षं वापरला, तेव्हा कुणी त्याला कृत्रिम म्हणत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला 'गॅस'ही तसाच. फान हेल्मोंट या रसायनज्ञाने सतराव्या शतकात तो ग्रीक 'खाओस'वरून बनवला, आणि खाओस हा पारासेल्सुसच्या वापरातला शब्द. ज्या माध्यमात हे जीव वावरतात त्याला तो खाओस म्हणायचा. ग्नोमचा खाओस माती, आपला हवा.

हिरवी पणती
आता 'गॅस बंद केलास का?' विचारताना पारासेल्सुस आठवणार.

पुस्तककिडा
ग्नोम आणि कृत्रिम भाषा एकत्र आल्यावर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनला टाळून कसं चालेल? त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात एल्फांच्या एका कुळासाठी भाषा रचायला घेतली, तिला इंग्रजीत 'नोमिश' म्हणायचा. शब्दसंग्रह १९१७ चा. हीच भाषा पुढे बदलत बदलत सिंदारिन झाली. ज्या कुळाला तो नोम म्हणायचा ते म्हणजे नोल्दोर, उंच, देखणे, विद्येत पारंगत. शुद्धलेखन, तुम्हाला आनंद होईल: त्याने हा शब्द ग्रीक 'ग्नोमे'च्या, म्हणजे बुद्धीच्या, अर्थानेच घेतला होता. नोल्दोरचा अर्थही 'ज्ञानी'च. पण वाचकांच्या डोक्यातली टोपी आणि दाढी काही हलेना, म्हणून पुढे त्याने नोम हा शब्द सोडूनच दिला. पारासेल्सुस जिंकला.

शुद्धलेखन
निदान एका मोठ्या माणसाला माझं म्हणणं पटलं होतं.

निळू
मी टोकी पोना करून बघितली. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेली, जेमतेम सव्वाशे शब्दांची भाषा. ग्नोमला शब्द अर्थातच नाही, आपणच जोडायचा. 'यान लिली' म्हणजे लहान माणूस, पण त्याचा अर्थ मूल होतो. 'यान लिली मा' केलं, जमिनीचा लहान माणूस. आता हा मातीत खेळणारा पोरगा वाटतोय. दाढी लावायला गेलो तर वाक्यच झालं.

चौकस
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. पण मराठीचं राहिलंच. मी त्या स्पॅनिश गोष्टीचा भाच्यासाठी अनुवाद करतोय. 'नोम' ठेवला तर त्याला काही बोध होत नाही.

म्हापशेकार
आमच्याकडचा राखणदार, देवचार सुचवला असता. वेस राखतो, रात्री फिरतो, चालून वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वाहतात. पण तो उंच, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा. बुटका म्हटलात तर नारळ फोडूनही भागणार नाही.

लॅटिनची आजी
अर्थाने सगळ्यात जवळ जातात ते कुबेराचे गुह्यक. गुहांत, दडून राहतात आणि धन राखतात. आकाराने जवळ जातात वालखिल्य, अंगठ्याएवढे साठ हजार ऋषी. पण ते तपस्वी, त्यांना खजिन्याशी देणंघेणं नाही.

शुद्धलेखन
गुह्यक. निर्विवाद.

वऱ्हाडी ठसका
काका, भाचा किती वर्षांचा हाय ते तर विचारा आधी. 'गुह्यक' म्हणता म्हणता पोरगं झोपून जाईन.

टिंबटिंब
'हिमगौरी आणि सात बुटके' प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. फ्रेंच, इटालियन, रोमेनियन आयाही तेच करतात. बुटका लिहा, पहिल्याच पानावर टोपी आणि दाढीचं वर्णन करा, झालं.

मिलानची मिरची
+१. फक्त एकदाच कुठेतरी कंसात 'ञोमो' लिहा. मुलांना तो उच्चार करायला प्रचंड आवडतो, माझा अनुभव.

चौकस
बुटकाच ठेवतो मग. आता पुढच्या पानावर एक 'सिल्फिदे' उडत आलीय. शब्दकोशात तिचे दोन अर्थ आहेत, वायुपरी आणि सडपातळ बाई. चित्रावरून दोन्ही लागू पडतायत.

शुद्धलेखन
अप्सरा.

लॅटिनची आजी
अप्सरा पाण्यातली हो! 'अप्' म्हणजे पाणी. ती पारासेल्सुसच्या उंदिनेची बहीण होईल. हवेतली हवी असेल तर वेगळा धागा काढा, इथे पानं लोड व्हायला वेळ लागतोय.